कोण आलं, कुणासाठी आलं

मराठीत आपण संगणकात सॉफ्टवेअर ‘टाकतो’ आणि नकोसं झालं की ‘काढून टाकतो’. टाकणं दोन्हीकडे आहेच. दुसऱ्या वेळी आधी काढावं लागतं, इतकंच. सगळी मेख त्या काढण्यात आहे. टाकायला काय, कुणीही टाकतं. पण टाकलेलं नेमकं तेवढंच, शेजारच्या सामानाला धक्का न लावता उचलून बाहेर नेणं हे एके काळी भल्याभल्यांना जमत नव्हतं. ते जमवणारी यंत्रणा गेली तीस वर्षं मुकाट्याने चालू आहे. ती उघड्यावर पाहायची असेल, तर डेबियन ही लिनक्स प्रणाली असलेल्या संगणकापुढे बसावं, टर्मिनलची काळी खिडकी उघडावी आणि एक ओळ टंकावी.

ओळ अशी: सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर-मार. टंकताना अर्थात रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान. ‘सुडो’ म्हणजे हे काम यंत्राच्या मालकाच्या अधिकाराने कर. ही आज्ञा १९८० च्या सुमारास अमेरिकेत, बफेलो इथल्या न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात जन्मली. ‘ॲप्ट’ हा कारभारी. ‘इन्स्टॉल’ हा हुकूम. आणि शेवटचं नाव ज्याला बोलवायचं त्याचं. छापील मराठी पानाचं चित्र पाहून त्यातली अक्षरं ओळखायला लागणारी माहिती या पॅकेजात असते. जुन्या दिवाळी अंकातला लेख स्कॅन केला आणि तो पुन्हा टंकायचा कंटाळा आला, की याची आठवण होते.

एंटर दाबल्यावर ॲप्ट लगेच काहीच टाकत नाही. आधी तो आपल्या याद्या वाचतो, कोण कुणावर अवलंबून आहे याचं झाड मांडतो आणि मग आपल्यापुढे हिशेब ठेवतो: तुम्ही एक मागितलंत, त्याच्यासोबत आणखी इतके येतील, इतकं डाउनलोड करावं लागेल, डिस्कवर इतकी जागा जाईल, पुढे जाऊ का? ‘हो’चं अक्षर मोठं छापलेलं असतं आणि ‘नाही’चं लहान. मोठं अक्षर म्हणजे नुसतं एंटर दाबलं तरी होकार. बहुतेक लोक ही यादी न वाचता एंटर दाबतात. मीही वर्षानुवर्षं तेच केलं आणि त्याची शिक्षा भोगली. ती हकिकत पुढे येईल.

यादी मात्र वाचण्यासारखी असते. मराठी अक्षरओळख एकटी येत नाही. ती टेसरॅक्ट या मूळ कार्यक्रमावर उभी आहे. टेसरॅक्ट १९८५ ते १९९४ या काळात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत, प्रामुख्याने इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेत घडला, मग बरीच वर्षं पडून राहिला आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. टेसरॅक्टबरोबर इंग्रजी अक्षरओळखही येते. मराठी मागितलं तरी इंग्रजी न मागता येतं, हे काही फक्त शाळेतच घडत नाही. टेसरॅक्टला चित्र वाचायला लेप्टोनिका हे ग्रंथालय लागतं. ग्रंथालय म्हणजे इथे तयार कामांचा संच, लायब्ररी. अनेक कार्यक्रम तो मिळून वापरतात. लेप्टोनिकाला पीएनजी, जेपेग, टिफ अशा प्रत्येक चित्रप्रकारासाठी वेगळी लायब्ररी लागते. आणि पीएनजीतला दाबून बारीक केलेला मजकूर उलगडायला झेडलिब लागते. ही चिमुकली लायब्ररी ज्याँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांनी १९९५ मध्ये जगापुढे आणली. यातले ॲडलर पुढे नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत होते आणि ‘स्पिरिट’ ही गाडी पृथ्वीवरून मंगळाकडे निघाली तेव्हा त्या प्रवासाचं व्यवस्थापन त्यांच्याकडे होतं. तेव्हा जुन्या अंकातलं एक पिवळं पान वाचायचं, तर ब्रिस्टलची प्रयोगशाळा आणि मंगळाच्या वाटेवरचा एक माणूस असे दोघेही न बोलावता हजर होतात.

प्रश्न असा, की उद्या आपलं काम झालं आणि ‘मार’ला, म्हणजे त्या मराठी पॅकेजला, निरोप दिला, तर या बाकीच्या मंडळींचं काय करायचं?

आधी हा प्रश्न इतका चिवट का, ते पाहू. युनिक्स घराण्यातल्या प्रणालींची घडी एकत्र कुटुंबासारखी असते. प्रत्येक कार्यक्रमाला स्वतःची खोली नसते. चालवायच्या फायली सगळ्यांच्या मिळून एका कपाटात, लायब्ऱ्या दुसऱ्या कपाटात, मदतीची पानं तिसऱ्यात, सेटिंगच्या फायली चौथ्यात. सगळ्यांच्या वाट्या एका फडताळात आणि सगळ्यांची पांघरुणं एका कोनाड्यात. राहायला हे सोयीचं असतं, कारण वस्तू कुठे सापडेल हे पक्कं ठाऊक असतं. पण एक बिऱ्हाड वेगळं निघालं की ही वाटी कुणाची, यावर सगळं अडतं.

१९९० च्या आगेमागे कार्यक्रम टाकण्याची रीत अशी होती: मूळ कोडचं गाठोडं आणायचं, सोडायचं, आपल्या यंत्रावर त्याचं भाषांतर करून घ्यायचं आणि ‘मेक इन्स्टॉल’ म्हणायचं. तो हुकूम फायली चार कपाटांत वाटून टाकायचा आणि विसरून जायचा. कुठे काय ठेवलं याची नोंद कुठेच नाही. ‘मेक अनइन्स्टॉल’ असायचं, पण लेखकाने लिहिलं असेल तर. आणि तेही मूळ गाठोडं तुम्ही जपून ठेवलं असेल तरच. नवी आवृत्ती जुनीच्या डोक्यावर टाकली की जुनीच्या ज्या फायली नवीत नाहीत त्या तशाच पडून राहायच्या. वर्षभरात यंत्राचा माळा व्हायचा.

१९९२ मध्ये एसएलएस नावाचं लिनक्सचं एक संकलन निघालं आणि ते लोकप्रियही झालं, पण त्यात चुका फार होत्या. त्यांना वैतागून अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मरडॉक या वीस वर्षांच्या मुलाने १६ ऑगस्ट १९९३ रोजी आपण नवं संकलन करतो आहोत असं जाहीर केलं. नाव ठेवलं डेबियन: मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन यांची नावं जोडून. पुढे त्यांचं लग्न झालं, नंतर ते मोडलं. संकलनाचं नाव टिकलं. मरडॉक २०१५ च्या डिसेंबरात वारला. त्याची मूळ कल्पना साधी होती: संकलन कुणा एकट्याने न करता एकेका पॅकेजची जबाबदारी एकेका स्वयंसेवकाने घ्यावी. पण शेकडो अनोळखी माणसांनी बांधलेली गाठोडी एकाच घरात नीट नांदायची, तर बांधण्याची रीत एक हवी आणि घरात एक नोंदवही हवी. त्या नोंदवहीचा कारकून म्हणजे डीपीकेजी. त्याचं पहिलं रूप मरडॉकनेच लिहिलं, आणि पुढे दुसऱ्या एका इयनने, इंग्लंडच्या इयन जॅक्सनने, त्याचा गाभा सी भाषेत नव्याने घडवला. आजही खालचं सगळं काम डीपीकेजीच करतो; ॲप्ट त्याच्या वरच्या मजल्यावर बसतो.

एक गाठोडं सोडून पाहू. डेबियनच्या पॅकेज फायलीला ‘डेब’ म्हणतात. आत तीनच गोष्टी असतात. पहिली एक एवढीशी फाइल: तिच्यात २.० हा आकडा आणि पुढे नवी ओळ, म्हणजे एकूण चार बाइट. गाठोडं कोणत्या रीतीने बांधलंय ते सांगणारी ही चिठ्ठी. दुसरी गोष्ट म्हणजे कागदपत्रांची पिशवी. तिसरी म्हणजे खरं सामान, फायली ज्या जागी जायच्या त्या जागांसकट रचलेलं. आणि हे तिन्ही ज्यात बांधलं आहे ते ‘एआर’ हे साधन १९७१ च्या पहिल्या युनिक्समधलं आहे. इतकं जुनं फडकं मुद्दाम निवडलेलं आहे: डीपीकेजी स्वतःच बिघडला, तरी कोणत्याही यंत्रावर ‘एआर’ आणि ‘टार’ या दोन म्हाताऱ्या साधनांनी गाठोडं हाताने सोडता येतं. घरात पहिला कारकून बसवायचा तो कोण बसवणार, या पेचातून सुटकाही तशीच होते.

कागदपत्रांच्या पिशवीत माहितीपत्रक असतं: नाव, आवृत्ती, सांभाळणारा कोण, आणि मग नात्यांचा तपशील. ही नाती बारकाईने वाचावीत. ‘डिपेन्ड्स’ म्हणजे याच्याशिवाय मी चालणारच नाही. ‘रेकमेंड्स’ म्हणजे असेल तर बरं, आणि ‘नको’ असं सांगितलं नाहीत तर आणतोच. ‘सजेस्ट्स’ म्हणजे जमलं तर बघा. ‘कॉन्फ्लिक्ट्स’ म्हणजे तो असेल त्या घरात मी येणार नाही. लग्नाच्या पंगतीची यादी करताना घरातल्या वडीलधाऱ्यांना जे सगळं तोंडपाठ असतं, ते इथे लिहून ठेवलेलं आहे.

आवृत्तीच्या आकड्यांतही गंमत आहे. नवी कोणती, जुनी कोणती हे ठरवायला डेबियनने नागमोडी रेघेला, म्हणजे टिल्डला, एक चमत्कारिक जागा दिली: ती ‘काहीच नाही’ याच्याही आधी येते. त्यामुळे २.० नंतर टिल्ड आणि ‘आरसी१’ असं लिहिलेली चाचणीची आवृत्ती नुसत्या २.० पेक्षा जुनी ठरते आणि खरी आवृत्ती निघाल्यावर आपोआप मागे पडते.

त्याच पिशवीत चार छोटे कार्यक्रमही असू शकतात: सामान उतरण्याआधी चालवायचा, उतरल्यावर चालवायचा, नेण्याआधी चालवायचा आणि नेल्यावर चालवायचा. म्हणजे गाठोडं बांधणाऱ्याने ते कसं उतरवायचं याबरोबरच कसं उचलून न्यायचं हेही आधीच लिहून दिलेलं असतं. ‘मेक इन्स्टॉल’च्या काळात जे मर्जीवर सोडलेलं होतं, ते इथे रीतीचा भाग झालं.

आता प्रत्यक्ष उतरवणं. टर्मिनलवर ‘अनपॅकिंग’ आणि ‘सेटिंग अप’ अशा ओळी सरसर जातात आणि आपण चहा घेतो. पण त्या दोन शब्दांमध्ये मोठी सावधगिरी आहे. डीपीकेजी जुन्या फाइलवर थेट नवी लिहीत नाही. नवी फाइल तो शेजारी ‘डीपीकेजी-न्यू’ असं शेपूट लावून ठेवतो, ती डिस्कवर पक्की उतरली याची खात्री करतो आणि मग एका झटक्यात नाव बदलून जुनीच्या जागी बसवतो. नाव बदलणं ही क्रिया एक तर पूर्ण होते किंवा होतच नाही. अर्धवट असं काही नसतं. जिथे ऐन कामाच्या वेळी वीज जाते तिथे या शिस्तीची किंमत कळते. माझ्या गावी भारनियमनाच्या दिवसांत एकदा ऐन ‘अनपॅकिंग’च्या ओळीवर पडदा काळा झाला. वीज आल्यावर ॲप्टने पुढचं काही करायला नकार दिला आणि सांगितलं, की मागचं काम अर्धं राहिलंय, आधी डीपीकेजीला ‘कॉन्फिगर’चा हुकूम द्या. दिला. नोंदवहीत प्रत्येक पॅकेजपुढे त्याची अवस्था लिहिलेली असते: अर्धवट उतरलं, उतरलं पण मांडायचं राहिलं, अर्धवट मांडलं, पूर्ण झालं. कारकुनाने वही उघडली, बोट ठेवलं होतं तिथून पुढे सुरू केलं आणि दोन मिनिटांत सगळं जागेवर आलं.

ही नोंदवही म्हणजे काही गूढ डेटाबेस नव्हे. ‘व्हार’मधल्या ‘लिब’मधल्या ‘डीपीकेजी’ या फोल्डरात ‘स्टेटस’ नावाची साधी मजकुराची फाइल आहे. कुणीही उघडून वाचावी. शेजारच्या ‘इन्फो’ फोल्डरात प्रत्येक पॅकेजची एक यादी: याने कोणकोणत्या फायली कुठे ठेवल्या. फडताळातली कोणतीही वाटी दाखवून ही कुणाची असं डीपीकेजीला विचारता येतं आणि तो यादी चाळून मालकाचं नाव सांगतो. एकच फाइल दोन पॅकेजांनी ठेवायचा प्रयत्न केला, तर तो दुसऱ्याला दारातच अडवतो.

वही एकच, म्हणून लिहिणाराही एका वेळी एकच. कधी कधी ॲप्ट ‘कुलूप मिळत नाही’ म्हणून थांबतो. तेव्हा सुरक्षेच्या सुधारणा गुपचूप बसवणारा दुसरा कुणी मागे वहीत लिहीत असतो. मंचांवर सल्ले देणारे उतावळे लोक ते कुलूप तोडायला सांगतात. पाच मिनिटं थांबावं.

डीपीकेजीला दूरदृष्टी नव्हती. समोर दिलेलं गाठोडं तो उतरवायचा. त्याला लागणारं दुसरं नसेल तर तक्रार करून थांबायचा, आणायला जायचा नाही. हे काम ॲप्टने उचललं. तो मार्च १९९९ मध्ये निघालेल्या डेबियन २.१ मध्ये आला. या आवृत्तीचं टोपणनाव ‘स्लिंक’. डेबियनची सगळी टोपणनावं ‘टॉय स्टोरी’ चित्रपटमालिकेतल्या पात्रांची आहेत, कारण १९९६ च्या सुमारास प्रकल्पाचे प्रमुख असलेले ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते. जी शाखा नेहमी कच्चीच असते, जिच्यात रोज काही ना काही मोडतं, तिचं नाव सिड: त्याच मालिकेतला खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा.

ॲप्ट इंटरनेटवरच्या भांडाराची यादी आणतो आणि त्या यादीवरून काय काय लागेल ते ठरवतो. नवशिक्यांचा इथे हमखास घोटाळा होतो: ‘ॲप्ट अपडेट’ने एकही कार्यक्रम बदलत नाही, फक्त याद्या ताज्या होतात, कार्यक्रम बदलतात ते ‘अपग्रेड’ने. २०२३ मध्ये निघालेल्या डेबियन १२ च्या भांडारात ६४ हजारांहून जास्त पॅकेजं होती. आणि त्यांच्यातल्या नात्यांचं कोडं वरवर दिसतं तितकं सोपं नाही. याला हा किंवा तो चालतो. तो आला तर तिसरा चालत नाही. तिसरा गेला तर चौथा अडतो. असं जाळं सोडवण्याची अशी कोणतीही पद्धत आजवर सापडलेली नाही, जी प्रत्येक वेळी झटपट उत्तर देईल. सिद्ध झालंय ते असं, की हा प्रश्न गणितातल्या ‘एनपी-पूर्ण’ या कुप्रसिद्ध कुळातला आहे, जिथे प्रवासी विक्रेत्याची वाट किंवा परीक्षेचं वेळापत्रक राहतं. व्यवहारात मात्र नाती बऱ्यापैकी सरळ असतात, म्हणून उत्तर दोन सेकंदांत येतं. दर वेळी मला याचं नवल वाटतं.

(इतक्या गंभीर कारभाऱ्याला ‘मू’ असा हुकूम दिला तर तो अक्षरांची एक गाय काढून दाखवतो आणि आज तुम्ही हंबरलात का, असं विचारतो. हे खरं आहे.)

आणि आता काढणं.

‘ॲप्ट रिमूव्ह’ म्हटलं की डीपीकेजी यादी घेतो आणि त्या पॅकेजच्या फायली एकेक करून उचलतो. फोल्डर रिकामं झालं तरच फोल्डर जातं. आत दुसऱ्या कुणाची एकही वस्तू असेल तर ते राहतं. सेटिंगच्या फायलींना मात्र तो हात लावत नाही. तुम्ही त्या बसून बदललेल्या असतात, उद्या परत बोलावलंत तर त्या हव्यात, असा त्यामागे विचार आहे. असं पॅकेज वहीत ‘आरसी’ या दोन अक्षरांनी दिसतं: माणूस गेला, खुंटीवर टोपी राहिली. टोपीही न्यायची तर ‘पर्ज’ म्हणावं लागतं. आणि तुमच्या स्वतःच्या घरफोल्डरात त्या कार्यक्रमाने जे लिहिलं असेल, त्याला ‘पर्ज’सुद्धा स्पर्श करत नाही. ते तुमचं.

राहिली सोबत आलेली मंडळी. इथे एक बारीकशी नोंद आहे आणि माझ्या मते सगळ्या यंत्रणेतली ती सर्वांत सुंदर गोष्ट आहे. ॲप्टची एक वेगळी फाइल असते, ‘एक्स्टेंडेड स्टेट्स’. तिच्यात नाव, आणि त्यापुढे ‘ऑटो-इन्स्टॉल्ड’ आणि १ हा आकडा. अर्थ इतकाच: हा मालकाने मागितला नव्हता, कुणाच्या तरी सोबत आला. बस्स. पण या एका आकड्यामुळे कोण आलं याबरोबर कुणासाठी आलं हेही यंत्राला सांगता येतं. ‘मार’ गेला, की ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ ती फाइल चाळतो: टेसरॅक्ट? मागितला नव्हता, आता कुणाला लागतही नाही, जाऊ दे. लेप्टोनिका? तेच. झेडलिब? थांब, ती अजून खूप जणांना हवी आहे, खुद्द डीपीकेजीला हवी आहे. तिला हात नाही. आणि मधल्या काळात तुम्ही स्वतःहून टेसरॅक्ट मागितलात, तर ॲप्ट म्हणतो की हा आधीच आहे, पण यापुढे तुम्ही मागितलेला समजतो. तो आकडा पुसला जातो. पाहुणा घरचा होतो. ‘ॲप्टीट्यूड’ या त्याच्या भावंडाला तर ‘व्हाय’ असा हुकूम देऊन अमुक पॅकेज या यंत्रावर का आहे हे सरळ विचारता येतं, आणि तो नात्यांची साखळी उलगडून दाखवतो.

काढण्याचा उलटा धोकाही आहे. एखाद्याला काढलं तर त्याच्यावर उभे असलेलेही जातात, कारण त्यांना पाय उरत नाही. माझी शिक्षा ती हीच. जुन्या लॅपटॉपवर जागा पुरेना. पायथन ही भाषा मी काही वापरत नाही, मग ती कशाला, असा विचार करून तिला काढायचा हुकूम दिला. यादी आली. लांब होती. मी वर सरकवून पाहिली नाही. होकार दिला. जागा खरोखरच खूप झाली, कारण दुसऱ्या दिवशी पडद्यावर खिडक्या, चिन्हं, माउस काहीच नव्हतं. काळ्या पाटीवर नाव आणि पासवर्ड विचारणारी एक ओळ होती. ॲप्टने सगळं आधी सांगितलं होतं. प्रत्येक नाव लिहून.

२०२१ मध्ये हेच जगासमोर घडलं. लिनस सेबॅस्टियन या कॅनडातल्या नावाजलेल्या यूट्यूबरने डेबियनच्या घराण्यातल्या पॉप ओएसवर ‘स्टीम’ हा खेळांचा कार्यक्रम टाकायला घेतला. त्या वेळी पॅकेजच्या नात्यांत एक चूक झाली होती आणि स्टीम यायचा तर सगळा डेस्कटॉप जाणार होता. ॲप्टने नुसत्या होकारावर भागवलं नाही. धोका आहे असं बजावून ‘होय, मी सांगतो तसं कर’ या अर्थाचं आख्खं इंग्रजी वाक्य टंकायला लावलं. त्याने ते टंकलं. डेस्कटॉप गेला. यानंतर ॲप्टमध्ये बदल झाला: यंत्राच्या जिवाला आवश्यक अशी पॅकेजं काढायचा मार्ग आता नुसतं वाक्य टंकून मोकळा होत नाही. इतकी स्पष्ट सूचनाही माणूस वाचत नाही, हे मान्य करून केलेला हा बदल मला शहाणपणाचा वाटतो, जरी जुने जाणते त्यावर कुरकुरले असतील.

काढून घेणं भांडाराच्या बाजूनेही होऊ शकतं. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या भांडारात मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने नावावरून झालेल्या वादात चिडून आपली सगळी पॅकेजं मागे घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अकरा ओळींचं एक चिटुकलं होतं. शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरून तो ठराविक लांबीचा करणारं. त्याच्यावर हजारो कार्यक्रम कळत-नकळत उभे होते आणि ते पटापट कोसळले. यानंतर एनपीएमने मागे घेण्याचे नियम कडक केले. डेबियनच्या भांडारात असं होत नाही, कारण तिथे लेखक वेगळा आणि पॅकेज सांभाळणारा वेगळा, आणि एकदा घेतलेली प्रत भांडाराची.

भरवशाचं काय? ‘सुडो’ म्हणून बोलावलेलं पॅकेज यंत्रात काहीही करू शकतं, तर ते खरोखर डेबियनचंच आहे हे कशावरून? भांडाराच्या मुख्य फाइलवर डिजिटल सही असते. त्या फाइलमध्ये याद्यांचे ठसे, यादीत प्रत्येक पॅकेजचा ठसा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. वाटेत कुणी गाठोडं बदललं तर ॲप्ट ते दारातच नाकारतो.

पण गाठोडं बांधण्याआधीच कुणी विष कालवलं तर? २०२४ च्या मार्चमध्ये तेही पाहायला मिळालं. एक्सझेड हा दाबून बारीक करण्याचा कार्यक्रम; डेबमधलं सामान याच कापडात गुंडाळलेलं असतं आणि त्याची लायब्ररी खुद्द डीपीकेजीच्या आत आहे. कुणीतरी दोनेक वर्षं सालस मदतनीस म्हणून वावरून त्या प्रकल्पाचा विश्वास मिळवला आणि ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. तो ‘एसएसएच’ या दूरच्या यंत्रात शिरण्याच्या मार्गाशी जाऊन मिळत होता. आंद्रेस फ्रॉइंड हा डेटाबेसवर काम करणारा अभियंता डेबियनच्या कच्च्या शाखेवर काही मोजमापं घेत होता. त्याला एसएसएचला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो खोदत गेला आणि २९ मार्चला त्याने सगळं उघड केलं. विष सिडपर्यंत आणि चाचणीच्या शाखेपर्यंत पोचलं होतं. पक्क्या आवृत्तीत नव्हतं. खेळणी मोडणाऱ्या मुलाचा असाही उपयोग.

इतर घराण्यांत नावं वेगळी: रेड हॅटच्या बाजूला आरपीएम आणि त्यावर डीएनएफ, आर्चमध्ये पॅकमन, मॅकवर होमब्रू. तत्त्व बहुतेकांचं तेच, वही ठेवा. सर्वांत वेगळं बोलतो तो निक्स, नेदरलँड्समधल्या एल्को डोल्स्ट्राने घडवलेला. तो एकत्र कुटुंबच मोडतो. प्रत्येक पॅकेजला स्वतःची खोली, दारावर लांबलचक ठसा. एकाच लायब्ररीच्या तीन आवृत्त्या तीन खोल्यांत सुखाने राहतात आणि काढायचं म्हणजे खोली पाडायची. जागा जास्त लागते. भांडणं होत नाहीत.

ॲप्टला मराठीही येतं. त्याच्या संदेशांचं भाषांतर मुंबईच्या सी-डॅकमधल्या ‘जनभारती’ प्रकल्पातून झालेलं आहे. यंत्राची भाषा मराठी ठेवली तर याद्या वाचल्याचं तो मराठीत सांगतो, अधूनमधून न भाषांतरलेली ओळ इंग्रजीत. डेबियन बसवतानाच्या भाषांच्या यादीतही मराठी आहे, पण ती चित्रमय पडद्यावरच दिसते. साध्या मजकुराच्या काळ्या पडद्याला जोडाक्षरं पेलत नाहीत.

आता ‘मार’ला पर्ज करू. पान वाचून झालं आहे. फायली गेल्या, सोबतची मंडळी ऑटोरिमूव्हने गेली, वहीतलं नाव गेलं. एक ओळ मात्र उरते, ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरात, डीपीकेजीच्या रोजनिशीत: तारीख, वेळ सेकंदापर्यंत, पॅकेजचं नाव आणि ‘नॉट-इन्स्टॉल्ड’. ही रोजनिशी दर महिन्याला नवी सुरू होते आणि मागच्या बाराच जपल्या जातात. वर्ष उलटलं की तेराव्या महिन्यात ती ओळही जाते.